बिनकुलपाची खोली

बोदलकसा
१८ जून २०२४

चेतना बेटा,

तुझं खोकं पोचलं. पोस्टमननं फाटकातूनच आवाज दिला, "काकू, पुण्याची पुस्तकं!" आणि मी अंबाडीची भाजी चुलीवर सोडून धावली. भाजी लागली खाली. तुझ्या मावसाजींनी तीच खाल्ली आणि म्हणाले, "आज पुस्तकांची भाजी केली काय?"

तू म्हणते फोनवर बोलत जा. कशी बोलू बाप्पा? फोन हाती घेतला का हे खाटेवर कान देऊन बसतात. आणि अंगणवाडीत जन्मभर रजिस्टरं शुद्ध भरली, आता रिटायर झाल्यावर जशी बोलते तशीच लिहीन. तू चुका काढू नको.

म्हातारीच्या छत्रीवर बगळा बसतो ते पुस्तक मले लई आवडलं. एक शब्द नाही त्याच्यात, नुसती चित्रं. म्हातारीचे पाय काय काढले आहेत ग! भेगा पडलेले, आपल्या चिखलात धान रोवणाऱ्या बायांचे राहतात तसेच. अशी पुस्तकं पाहिली का माझ्या पोटात काहीतरी होते. तिरोड्याच्या बाजारात रद्दीवाल्याच्या ढिगात बसली का घर आठवत नाही मले. मागच्या मंगळवारी एक हत्तीचं सापडलं, पाठ उखडलेली. भाताची खळ लावून, लुगड्याच्या काठाची पट्टी चिकटवून नवं केलं.

खोली तीच, मागची. बियाण्याचं धान ठेवायची ती. एकच खिडकी, पण पोट्ट्यांना चालते. कुलूप नाही, हे आधीच सांगून ठेवलं आहे सगळ्यांना. मी असो नसो, या, बसा, पाहिजे ते घरी न्या. नाव लिहायचं नाही, तारीख नाही. फक्त पुस्तक वापस आणताना त्याची गोष्ट मले सांगायची, आपल्या बोलीत. गोंडीत सांगा, पोवारीत सांगा. समजली नाही तरी मी ऐकते.

रिंकी सगळ्यात पक्की. तलावावर मासोळ्या धरते त्या मंगरूची पोरगी, पहिलीत जाते. तेच पुस्तक चार खेपा नेते आणि चारही खेपा गोष्ट वेगळी. बगळ्याचं तर म्हणे, "तो बगळा तिचा मेलेला नवरा आहे. छत्रीत जागा नाही म्हणून वर बसला." तिची माय रविता आमच्याच धानाच्या बांधीत रोवणीले येते. हसून म्हणाली, "काकू, इले घरी पाठवू नका, तुमच्याकडंच ठेवून घ्या."

एक मोठी कटकट आहे. उधई लागली, तुमच्या पुण्याची वाळवी. खालच्या फळीवरचं माकडाचं पुस्तक हाती घेतलं तर आतून माती पडली. मी रडली, खोटं कायले सांगू. आणि नेमकं आता हेमेंद्र मले मोतीबिंदूसाठी गोंदियाला नेऊन राहिला. सूनबाईच्या हिंदीत पंधरा दिवस "माँजी, आराम कीजिए" ऐकायचं आहे. इकडे उधई जेवते.

तुझी मावशी
पुष्पा


पुणे
२७ जून २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून ऑफिसात एवढी हसले की शेजारच्या बाईनं विचारलं काय झालं. तिला बगळ्याची गोष्ट सांगितली. ती गप्पच झाली. रिंकीला सांग, पुण्यातल्या एका मोठ्या बाईला तिनं गप्प केलं.

आता बातमी. इथल्या एका आजोबांनी आयुष्यभर मुलांची चित्रपुस्तकं जमवली होती. रशियातली, जपानची, कापडावर छापलेली, उघडली की घर उभं राहतं अशी. त्यांच्या मुलीनं मला सगळी दिली. मावशी, मी जमिनीवर बसून एकेक उघडत होते आणि मला आपली खोली दिसत होती. पोटातलं ते "काहीतरी" मला तुझ्याकडूनच आलंय. पाऊस सरला की पाठवते. दिवाळीला मी येते, मग आजूबाजूच्या गावांतही अशा खोल्या सुरू करू.

डोळ्याची काळजी घे. वाकू नकोस, चुलीजवळ जाऊ नकोस.

खालचं मावसाजींना वाचून दाखव:

मावसाजी, मावशी गोंदियाला असेल तेव्हा पुस्तकं तुमच्यावर सोपवते. उधईचं तेवढं बघा. तुम्हाला पुस्तकं आवडत नाहीत यावर माझा अजिबात विश्वास नाही. लहानपणी मला खांद्यावर बसवून तिरोड्याच्या जत्रेत चित्रांची पुस्तकं कोणी घेऊन दिली होती?

तुझी
चेतना


बोदलकसा
९ ऑगस्ट २०२४

चेतना,

डोळा बरा आहे. काळा चष्मा घालून लिहून राहिली, ओळी वाकड्या जातील.

रिंकी गेली. मी गोंदियाला होती तेव्हाच. रोवणी सुरू होती, माय बांधीत, पोरगी संध्याकाळी ओकाऱ्या करू लागली, श्वास लागेना. तिरोड्याहून गोंदियाला नेता नेता रस्त्यातच संपली. तिरोड्याच्या दवाखान्यात विषबाधा म्हणाले. खाण्यातून.

मी खोली बंद केली आहे. ते मोठं खोकं पाठवू नको. दुसऱ्या कोणाला दे, पुण्यात लेकरं कमी आहेत काय.

फोन करू नको.

पुष्पा मावशी


पुणे
२४ ऑगस्ट २०२४

मावशी ग,

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. काय लिहू? त्या पोरीला मी कधी पाहिलं नाही, तरी घरातलं कोणी गेल्यासारखं झालंय.

पण एक बोलते, राग आला तर येऊ दे. खोली तू बंद केलेली नाहीस. तू करूच शकत नाहीस. मावसाजींनी केली ना? ते पहिल्यापासून म्हणायचे, पुस्तकांनी पोट भरते काय. तू आजारी, दुःखात, तेवढ्यात त्यांनी साधून घेतलं. मी त्यांच्याशी बोलणारच आहे.

रिंकीसाठी आपण काहीतरी करायला हवं. माझ्या मैत्रिणीकडून मी एक पाटी रंगवून घेतली आहे. वर बगळा, खाली छत्री आणि नाव, "रिंकीची खोली". पाटी आणि खोकं दोन्ही परवाच पाठवून दिलं. दिवाळीत मी येईन तेव्हा रविताच्या हातानं पाटी लावू. तिला बरं वाटेल. आपल्या पोरीचं नाव राहिलं, एवढं तरी.

जेवतेस ना?

चेतना


बोदलकसा
२० सप्टेंबर २०२४

चेतना,

पाटी आली. ह्यांनी खोकं उघडलं, पाटी पाहिली आणि माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेले. मी पाटी धानाच्या कोठीमागे उलटी करून ठेवली आहे.

आता मी सगळं लिहिते. वाचून फाडून टाकजो का ठेवजो, तुझी मर्जी.

तुझ्या मावसाजींनी खोली बंद नाही केली ग. त्यांना तू उगीच बोलली. त्यांनी उलटं केलं. मी गोंदियाला गेल्यावर पहिल्यांदा त्या खोलीत पाय ठेवला आणि पुस्तकं बघत बसले. शेजारची सांगत होती, तासभर बाहेर आले नाहीत. मग उधईचा बंदोबस्त केला. शेतकरी माणूस, त्याले काय माहीत कडुनिंबाचा पाला आणि काय ते? त्याले जे माहीत तेच केलं. धानातले किडे माराले ठेवतात ती गोळी आलमारीत ठेवली, फडक्यात बांधून. खिडकी लावली. दार ओढून घेतलं आणि रोवणीवर निघून गेले.

मी वापस आली तर मले हाताला धरून तिकडे घेऊन गेले. आलमारी उघडली. "बघ, एक उधई नाही. तुह्या चेतनानं माह्यावर सोपवलं होतं ना?" हा माणूस त्या पुस्तकांपुढं हसून राहिला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मले असं वाटलं का आता हा माझा झाला.

दुसऱ्या दिवशी रविता आली. आम्ही दोघं ओसरीत. तिच्या हातात लुगड्याच्या काठाची पट्टी लावलेलं ते हत्तीचं पुस्तक होतं. म्हणाली, "काकू, रिंकीच्या उशाशी होतं. त्या दिवशीच आणलं होतं तिनं. घर गळत होतं म्हणून दुपारभर तुमच्याच खोलीत दार लावून बसली होती. घरी आली तर डोकं दुखते म्हणे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठले आणि गोठ्यात गेले.

बेटा, धानाच्या खोलीत ती गोळी ठेवली का तिचा विषारी वास भरते, माणसानं आत बसू नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालेही माहीत आहे. म्हणूनच धानाच्या खोलीला आम्ही कुलूप लावतो. पण ही तर पुस्तकांची खोली. ह्यांना वाटलं, पुष्पा नाही, पाऊस आहे, कोण येते. आणि कुलूप नव्हतंच, कारण मीच लावू दिलं नव्हतं.

इथपर्यंत असतं तर मी जन्मभर छातीवर दगड ठेवून राहिली असती. पण ऐक. त्या दिवशी सकाळी रविता रोवणीले निघताना पोरीले मासोळी आणि भात खाऊ घालून गेली होती. रात्रीची मासोळी. दवाखान्यात विचारलं, काय खाल्लं? तिनं सांगितलं, मासोळी. झालं! सासू निर्मलाबाई छाती बडवून अख्ख्या गावाले सांगत सुटली, मायनं शिळी मासोळी चारून पोरगी मारली. चिरफाड नको म्हणून सासऱ्यानं पोरीले तसंच घरी आणलं होतं, मग खरं कोण सांगणार? मंगरू दारू पिऊन तिले मारते. पोळ्याच्या दिवशी घरातून काढून दिलं. माहेरी गेली ती, अर्जुनीकडं. जाताना नळावरच्या बायांनी तिले पाणी भरू नाही दिलं. मी बघत उभी होती, चेतना. माझ्या तोंडात जीभ होती आणि मी बघत उभी होती.

रविता पुस्तक घेऊन आली त्याच दिवशी ह्यांनी जाऊन सांगतो म्हटलं होतं. मीच हेमेंद्रले फोन केला. तो धावत आला, दार लावून आम्हाला बोलला, "बाबा जेलात जातील. ह्या वयात. गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही. ती गरीब बाई, रडेल आणि गप्प होईल." माझ्याच पोटचा पोरगा असं बोलला आणि मी त्याले चहा करून दिला.

हे आता अर्धी भाकर खातात. मी विचारते, सांगायचं का? म्हणतात, तू म्हणशील तसं. मले एकटीवर टाकून मोकळे.

तू शिकलेली आहे. सांग, काय करू?

मावशी


पुणे
३ ऑक्टोबर २०२४

मावशी,

मावसाजींना चिठ्ठी मी लिहिली होती. उधईचं बघा असं मीच म्हटलं होतं. ते वाक्य मला झोपू देत नाही. आणि वर मी त्यांनाच दोष दिला, पाटी रंगवून घेतली, रविताच्या हातून लावायची म्हणाले. मला माझीच शिसारी येते आहे.

तू विचारलंस काय करू. खरं सांगू? मला वाटतं, सांगू नये. तू आत्ता ओरडशील. पण मावसाजींनी जाणूनबुजून काही केलेलं नाही. त्यांना शिक्षा झाली तर रिंकी परत येणार नाही. इथे माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना नाव न सांगता विचारते. कदाचित असा मार्ग निघेल की रविताचं नाव साफ होईल आणि मावसाजींवरही येणार नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं की मासळीमुळे नव्हतं, असं काहीतरी.

मी दिवाळीला येते. तोवर थांब. एकटी काही करू नकोस. मावसाजींना सांग, मी रागावलेली नाही.

चेतना


पुणे
२९ ऑक्टोबर २०२४

मावशी,

सुट्टी मिळाली नाही. तसं नाही, मिळाली होती. मी तिकीट रद्द केलं. मला तुमच्या दोघांच्या समोर उभं राहायचं धैर्य होत नाहीये. वकिलांना अजून विचारलेलं नाही.

थोडं थांब. मी येते.

चेतना


तिरोडा
१२ नोव्हेंबर २०२४

चेतना बेटा,

तू दोनदा थांब म्हणाली. मी थांबली नाही. धान कापणीले आलं, आमच्या बांधीत दुसऱ्या गावच्या बाया आणल्या, आणि रविताची जागा रिकामी दिसे मले रोज. रविवारी मी ह्यांना म्हटलं, "धोतर बदला, निघा." त्यांनी बदललं. गोंदियाहून अर्जुनीची गाडी धरली, तिथून ऑटो. प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे तिचं माहेर.

भावाच्या अंगणात धानाचे भारे रचून राहिली होती. कशी झाली आहे ती! गळ्याची हाडं मोजून घ्या. आम्हाला पाहून तिनं पदर घेतला, खाट टाकली, भावजयीले चहा ठेवाले सांगितलं. "एवढ्या दूर कायले आले जी?"

ह्यांनी सांगितलं. हात जोडून उभ्याउभ्या सांगितलं. गोळी मी ठेवली. खिडकी मी लावली. तुझी पोरगी त्या खोलीत बसली म्हणून गेली. तुह्या मासोळीनं नाही गेली. मी मारली तिले.

मले वाटलं आता अंगावर धावून येईल, दगड उचलेल. मी तयार होती, खरं सांगते, मले तेच पाहिजे होतं.

तिनं वाकून ह्यांच्या पायाला हात लावला.

"मोठे मालक, तुम्ही देवमाणूस आहा," म्हणाली. "माह्यासाठी एवढं खोटं बोलाले आले." मी म्हटलं, "रविता, खोटं नाही ग, खरं आहे, माझ्या डोळ्यानं ती पुरचुंडी पाहिली." तर माझ्याकडे वळून हसली. "काकू, पुस्तकानं कोणी मरते काय? काटे काढून काढून खाऊ घातली मी, माह्या हातानं. अजून दे म्हणत होती ती. मीच दिली." मग भावाले हाक मारून म्हणाली, पाहा, सासरी मले कोणी उभं करत नाही, आणि हे पोवार लोक माझं मन राखाले कुठून कुठं आले.

ह्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. भाऊ म्हणाला, "असू द्या जी, तिले त्रास होते." चहा आला. आम्ही चहा पिला, चेतना. बशीत ओतून पिला.

गाडीत हे खिडकीपाशी बसले. सौंदड गेल्यावर बोलले, "आपण तर सांगतलं." मग थोड्यानं, "तिनंच नाही मानलं." गोंदियाच्या फलाटावर भजे घेतले आणि सगळे खाल्ले. किती महिन्यांनी पोटभर खाल्लं त्यांनी. मी बघत होती आणि मले त्या माणसाची कीव आली आणि किळसही आली, दोन्ही एकदम. त्यांचं ओझं त्या बाईनं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि ह्यांनी घेऊ दिलं.

काल दिवसभर मी पुस्तकं पुसली. तुझ्या त्या पुण्याच्या आजोबांची, रद्दीतली, सगळी. उन्हात मांडली. इतकी सुंदर दिसत होती ग. वाटलं होतं मले त्यांचा राग येईल. नाही आला. पोट्टे फाटकावर येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. मायांनी सांगून ठेवलं आहे, काकूचं डोकं फिरलं आहे. मी बोलावलं नाही.

हे पत्र मी तिरोड्याच्या पोस्टात बसून लिहून राहिली. घरी सांगून आली का डोळा दाखवाले जाते. इथून पोलीस ठाणं जवळच आहे. रविता मानत नाही तर ठाणेदार लिहून घेईल, निर्मलाबाईसमोर वाचून दाखवेल, मग तर मानावं लागेल सगळ्यांना. हेमेंद्र मले माय म्हणणार नाही. हे काय म्हणतील ते मी विचारत नाही, मले विचारून त्यांनी गोळी ठेवली नव्हती. मी त्यांच्यासोबत राहीन, जेलात डबा घेऊन जाईन, पण सांगीन.

आणि ज्या दिवशी रविताले खरं पटेल त्या दिवशी तिच्याजवळ कोणीच राहणार नाही. आज तिले वाटते, जगात दोन माणसं तरी तिच्या बाजूनं आहेत. ते मी काढून घेऊन राहिली. म्हणून तुले सांगते. तू आता तरी ये. माझ्याकडे नको, वकिलाकडे नको. सरळ अर्जुनीला उतर आणि तिच्याकडे जा. पुस्तक नेऊ नको, पाटी नेऊ नको. तुझा माझा काय संबंध तेही पहिल्या दिवशी सांगू नको. तिच्याजवळ बस, भारे रचू लाग. आणि तिनं विषय काढला का तिले एवढंच सांगजो, मासोळी चांगली होती.

तुझी मावशी
पुष्पा